गाळलेल्या दोन ओळी

विद्यापीठाच्या संगीत विभागात तिला सगळे 'दोन नंबरच्या बाई' म्हणत. पहिल्या मजल्यावरच्या दोन नंबरच्या खोलीत तिचा पियानो होता आणि त्या पियानोसमोर ती एकवीस वर्षं बसत आली होती, एवढंच कारण. "बाहेर कुणाला सांगू नका रे, लोकांना वाटेल मी काही काळंबेरं करते," असं ती म्हणायची. काम मात्र अगदी सरळ होतं. कुणी व्हायोलिन वाजवो, कुणी चेलो, कुणी गाओ, त्याच्या परीक्षेत पियानोची साथ करायची. समोर नोटेशनचा कागद, शेजारी घाबरलेला विद्यार्थी, आणि त्याच्या श्वासाकडे हिचा कान. तो धावला की हिनं धावायचं, तो रेंगाळला की रेंगाळायचं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं स्वतःच डॉक्टरेटला नाव घातलं. घरच्यांना वाटलं पुढच्या पदासाठी असेल. तसं नव्हतं. तोवर तिनं नऊ जणांना त्यांच्या डॉक्टरेटच्या कार्यक्रमांत साथ केली होती. त्यातल्या एकानं जाता जाता सहज विचारलं, "बाई, तुम्हाला एकटीला तासभर बसवलं तर तुम्ही काय वाजवाल?" तिला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन कांदा चिरतानाही आलं नाही. तो प्रश्न पायात काटा मोडावा तसा आत राहिला.

वादनातल्या डॉक्टरेटला लिखाण असतंच, पण त्याशिवाय तीन जाहीर कार्यक्रम असतात, तीन परीक्षकांच्या समितीसमोर. पहिला इतरांच्या जोडीनं. दुसरा एकट्यानं, पूर्ण तासभर, समोर कागद न ठेवता. तिसरा आपल्या प्रबंधावर, बोलून आणि वाजवून. पहिला तिनं हसत खेळत पार पाडला; तो तर तिचा रोजचाच धंदा होता. दुसऱ्यात ती आपटली.

कार्यक्रमात एक फ्यूग होता. फ्यूग म्हणजे एका घरातली चार माणसं एकच गोष्ट सांगतात, पण एकदम नाही. एकाचं अर्धं झालं की दुसरा सुरू करतो आणि पहिला काही गप्प बसत नाही. या चौघांना दोन हातांत सांभाळायचं. पाचव्या पानावर एक वळण होतं, हुबेहूब दुसऱ्या पानावरच्या वळणासारखं. एकातून शेवटाकडे जायचं, दुसऱ्यातून परत मधे. तिनं चुकीचं वळण घेतलं आणि ती दुसऱ्या पानावर येऊन पडली. पुन्हा तीन पानं वाजवली, पुन्हा तेच वळण आलं, पुन्हा ती मागे आली. तिसऱ्यांदा ते वळण दुरून येताना तिला दिसलं आणि हात थांबले. तिनं ते मांडीवर ठेवले. सभागृहात कुणीतरी खोकलं. बऱ्याच वेळानं ती उठली, वाकली आणि बाजूच्या दारानं निघून गेली.

आठवड्यानं पत्र आलं. पुन्हा एक संधी, सहा महिन्यांच्या आत. तीही गेली तर नाव कमी.

तिचे मार्गदर्शक साठीला आलेले, जपून पावलं टाकणारे गृहस्थ होते. रागावले नाहीत. त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढून तिच्यापुढे सरकवला.

"डॉक्टरांची चिठ्ठी जोड. ताण, झोप, काय असेल ते. समोर कागद ठेवून वाजवायची परवानगी मिळते."

"सर, पण मला काही आजार नाही."

"घाबरणं हाही आजारच आहे. नियमात खिडकी ठेवलेली असते ती कुणीतरी उघडावी म्हणून. उगाच भिंतीवर डोकं आपटू नकोस."

अर्ज तिनं पिशवीत टाकला. तो तिथेच राहिला, आणि पिशवी उघडली की आधी हाताला तोच लागायचा.

भीती मग पियानोपुरती राहिली नाही. बारा वर्षं ज्या इमारतीत राहत होती तिच्या दाराच्या कुलपाचे चार आकडे एका संध्याकाळी तिला आठवेनात. हातात भाजी, मागे शेजारी उभा, आणि ही आकड्यांच्या पाटीकडे बघत राहिली. पंधरा वर्षांच्या लेकीला तिनं विचारलं, "मी रोज कुठल्या नंबरच्या बसनं जाते गं?" लेक हसली, आणि आई चेष्टा करत नाहीये हे कळल्यावर हसायची थांबली.

नवरा पियानो सुरात लावायचं काम करायचा. शहरातले निम्मे पियानो त्याच्या हाताखालून गेलेले. माणूस मितभाषी. कान तीक्ष्ण आणि तोंड बंद, असं सासूबाई आपल्याच मुलाबद्दल सांगायच्या. एकदा तिचा तोल गेला.

"अहो, मी इथे बुडतेय आणि तुम्ही एक शब्द बोलत नाही."

"काय बोलू? पियानोचं काही बिघडलं असतं तर सांगितलं असतं."

पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं अर्ज भरला. फक्त सही राहिली होती.

त्याच दुपारी ती फ्यूगला बसली. स्वयंपाकघरात सासूबाई डाळ निवडत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर दुकान बंद करून घरी बसल्या होत्या. संगीत त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, हे त्या स्वतःच अभिमानानं सांगत. पाचवं पान आलं, वळण आलं, आणि आतून त्यांचा आवाज आला.

"तिकडे नाही. तुला पुढे जायचंय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आता सासूही शिकवणार. ती तरातरा आत गेली आणि दारात थांबली.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"चार महिने तेच ऐकतेय बाई. आता मला झोपेतसुद्धा ऐकू येतं. आणि तू त्या जागेच्या आधी पायानं ठेका धरायला लागतेस. बाकी कुठेच धरत नाहीस." सासूबाईंनी एक खडा बाजूला टाकला. "तिथे तुझी शिवण कच्ची आहे. बरं, मधूनच कुठूनतरी सुरू करून दाखव बघू. तिथून, जिथे ते खाली खाली उतरत जातं."

ती पियानोपाशी गेली. बसली. हात उचलले आणि तसेच राहिले. जागा डोळ्यांपुढे होती, पण बोटांना तिथे उतरता येईना. पहिल्या पानापासून निघालं तरच ती तिथे पोचत होती. दुसरी जागा घेतली, तेच. तिसरी, तेच. रस्ता बोटांना पाठ होता, तिला नव्हता. बोटं जरा बिचकली की तिच्यापाशी काहीच उरत नव्हतं.

सासूबाई भिंतीला धरत धरत बाहेर आल्या होत्या. "उसव," त्या म्हणाल्या. "अख्खं उसव आणि परत शीव. वरून टाके घालून नाही भागायचं."

अर्ज द्यायची शेवटची तारीख त्या शुक्रवारी होती. ती काही छाती पुढे काढून निघालेली नव्हती. सही केलेला अर्ज हातात घेऊन ती कार्यालयाच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिली. पुढे दोघे होते. मग एकच उरला. मग कारकून चहाला उठला आणि खिडकी बंद झाली. त्या दहा मिनिटांत तिच्या मनात आलं की समोर कागद ठेवता आला तर मी नीट वाजवीन, पास होईन, आणि 'एकटीला बसवलं तर काय वाजवाल' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसेलच. कारकून परत यायच्या आत ती जिना उतरली. अर्ज देत नाही, असं तिनं मार्गदर्शकांना जाऊन सांगितलं.

त्यांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. पण मग तिथे मी तुला वाचवू शकणार नाही. हे आत्ताच ऐकून ठेव."

तिनं फ्यूगचे चौतीस तुकडे केले आणि पेन्सिलीनं आकडे घातले. प्रत्येक तुकडा आधी डाव्या हातानं, मग उजव्या, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर नुसत्या बोटांनी, मग बसमध्ये डोळे मिटून. सासूबाई आतून आकडा पुकारत. "सतरा." की हिनं सतरापासून सुरू करायचं. "चार." "एकतीस." लेकीलाही चेव आला, ती न्हाणीघरातून ओरडायची. एकदा नवऱ्यानं जेवताना मान खाली घालूनच "नऊ" म्हटलं, आणि ही घास तोंडात असताना टेबलावर बोटं आपटायला लागली. त्या दिवशी ती दोघं भांडणानंतर पहिल्यांदा हसली.

पण सगळे आकडे सारखे नव्हते. तेवीस तिला छळत होता. दहा वेळा बरोबर यायचा आणि अकराव्यांदा नाही. दिवस सरत होते. तिचं वजन उतरलं. नोकरी तर चालूच होती. रोज सहा-सात विद्यार्थी, त्यांच्या परीक्षा, त्यांची भीती. आपली भीती घेऊन दुसऱ्याच्या भीतीला साथ करायची म्हणजे जिवावर यायचं.

दहा दिवस राहिले असताना चेलो वाजवणाऱ्या एका मुलीची परीक्षा होती. तेच सभागृह. समोर तिच्याही समितीवर असलेल्या बाहेरच्या परीक्षक बाई, दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्या, कडक म्हणून नावाजलेल्या. मधेच मुलगी चुकली आणि सरळ पाऊण पान पुढे गेली. दोन नंबरच्या बाईंनी पानही उलटलं नाही. त्या तिच्यासोबत तिथेच पोचल्या. बसलेल्या कुणाला काही कळलं नाही. फक्त परीक्षक बाईंनी मान वर केली, आणि त्यांनी बघितलं ते चेलोकडे नाही, पियानोकडे.

नंतर ती मुलगी दोन नंबरच्या खोलीत येऊन रडली. "मी कुठे गेले ते तुम्हाला कसं कळलं?"

"तू थांबली नाहीस, म्हणून सापडलीस."

हे ती सहज बोलून गेली आणि मग दिवसभर त्याच वाक्याशी अडली. एकवीस वर्षांत वाट चुकलेली किती माणसं तिनं अशी हाताला धरून पुढे नेली असतील. एकालाही कधी म्हटलं नव्हतं की तू चुकलास, आता परत सुरुवातीला जा. स्वतःला मात्र तिनं तेच सांगितलं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी नवरा सभागृहाचा पियानो लावून आला. "मधला एक स्वर उशिरा उठत होता. बसवला," एवढंच म्हणाला. मग तिच्या ओढणीला लागलेला दोरा काढून खिशात टाकला.

चौथ्या रांगेत घरची तिघं बसली होती, सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून. समोर समिती: मध्ये विभागप्रमुख, एका बाजूला मार्गदर्शक, दुसऱ्या बाजूला परीक्षक बाई. पियानोवर कागद ठेवायची पट्टी पाडून ठेवलेली. तिचे तळवे इतके गार पडले होते की तिनं ते आधी मांडीखाली दाबले.

फ्यूग सुरू झाला. दुसरं पान गेलं. पाचव्या पानाचं वळण आलं तेव्हा पाय हलला नाही, हे तिचं तिलाच जाणवलं. ती बरोबर वळली. तेवीस आला आणि गेला. सगळं अंग सैल झालं, आणि नेमका तिथेच घात झाला. सातव्या पानावर, जिथे कधी म्हणून अडली नव्हती, तिथे डोक्यात काही उरलं नाही. पुढचा स्वर नाही, पान नाही, काही नाही. डाव्या हातातला एक खालचा स्वर तेवढा तिनं दाबून धरला होता. तो विरत चालला. मागे एक मोठी पोकळी होती, पुढे एक. तिनं एकोणतिसावर उडी मारली. हात तिथे उतरले. चौघंही आवाज परत बोलायला लागले आणि शेवटाला नीट पोचले.

त्यानंतर अजून पस्तीस मिनिटांचं वादन होतं. ते कसं झालं हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. लेकीचं म्हणणं, ते सगळ्यांत छान झालं.

तोंडी परीक्षा मागच्या लहान खोलीत होती. भिंतीला लागून सरावाचा एक जुना पियानो. थोडे इकडचे तिकडचे प्रश्न झाले आणि परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं.

"फ्यूगमध्ये काही झालं का?"

विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळलेलं दिसत नव्हतं. मार्गदर्शक समोरच्या कागदाकडे बघत होते. 'नाही' म्हटलं असतं तरी कदाचित खपलं असतं.

"हो," ती म्हणाली. "सातव्या पानावरच्या दोन ओळी गाळल्या."

"तेव्हा कळत होतं तुम्हाला?"

"गाळायच्या आधी नाही. गाळल्यावर लगेच."

"मग थांबला का नाहीत?"

"गेल्या वेळी थांबले होते."

परीक्षक बाईंनी भिंतीकडे बोट केलं. "त्या दोन ओळी आत्ता वाजवा."

"हे परीक्षेच्या नियमात बसत नाही," मार्गदर्शक म्हणाले. आवाज शांत होता.

"वादन संपलं आहे. मी प्रश्न विचारते आहे, आणि माझा प्रश्न हा आहे."

ती उठून पियानोपाशी बसली. पहिल्यांदा तीच पोकळी. मग ओट्यावर आपटलेली बोटं आठवली. "आधी एकटा डावा हात वाजवू का?"

"कसंही वाजवा."

डावा हात निघाला. धडपडत नाही, पण दबकत. ओळ संपेपर्यंत तिला उजवा ऐकू यायला लागला होता. मग दोन्ही हात. दोन ओळी, वीस-पंचवीस सेकंद. ती थांबली आणि मागे न बघता तशीच बसून राहिली, विभागप्रमुखांनी बाहेर थांबायला सांगेपर्यंत.

बाहेरच्या अरुंद बोळात बाकावर घरची बसली होती. सासूबाईंनी तिला शेजारी जागा करून दिली आणि हळूच विचारलं, "सत्तावीस-अठ्ठावीस गेलं ना?"

"तुम्हाला कळलं?"

"मी मोजत होते."

"आजी, आत्ता नको," लेक म्हणाली.

चाळीस मिनिटं गेली. नवरा खिडकीशी उभा राहून बाहेरच्या झाडाची पानं मोजत असल्यासारखा बघत होता. दार उघडलं तेव्हा चौघंही एकदम उठली, सासूबाई काठीशिवाय. विभागप्रमुखांनी सांगितलं, उत्तीर्ण. दोन विरुद्ध एक.

परीक्षक बाई घाईत होत्या; जाताना त्यांनी तिच्या खांद्याला नुसता हात लावला. मार्गदर्शक मागून आले आणि तिला बाजूला घेऊन म्हणाले, "विरोधातलं मत माझं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"नियम म्हणतो, रचना संपूर्ण वाजवायची. ती संपूर्ण नव्हती. उद्या दुसऱ्या कुणाला मी याच कारणासाठी नापास केलं तर त्याला काय सांगू? ही माझी विद्यार्थिनी होती म्हणून सोडलं?"

चार वर्षं या माणसाच्या खोलीत ती बसली होती. "मग सर, तुम्ही अजून माझे मार्गदर्शक आहात का?"

"तू ठेवलंस तर."

आठ दिवस ती त्यांच्या खोलीकडे फिरकली नाही. समोरून दिसले तर दुसऱ्या जिन्यानं जायची. घरी नवऱ्याला म्हणाली की मार्गदर्शक बदलायचा अर्ज करते. तो म्हणाला, "सर खोटं बोलले असते तर बदलायचे." नवव्या दिवशी ती दार वाजवून आत गेली आणि प्रबंधाच्या विषयाचं टिपण टेबलावर ठेवलं. मुख्य वादक वाट चुकतो तेव्हा साथ करणारा काय करतो, कसं ओळखतो, कुठे पोचतो. यावर कुणी काही लिहिलेलं तिला सापडलं नव्हतं. सरांनी वाचलं आणि पहिल्या पानावर सात ठिकाणी लाल रेघा मारल्या. तेव्हा तिला कळलं की आता जमेल.

तिनं एकतीस साथीदारांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येक जण आधी म्हणायचा की आमच्याकडे असं कधी होत नाही. दुसऱ्या चहानंतर मग बोलायला लागायचा. वर्षभर सरांशी तिची स्वल्पविरामांवरून भांडणं झाली. एका प्रकरणाचं त्यांनी निम्मं उडवलं, दुसऱ्यातलं एकही वाक्य तिनं त्यांना उडवू दिलं नाही. दीड वर्षानं तिसरा कार्यक्रम झाला. त्यात ती चेलोवाली मुलगी तिच्या जोडीला बसली. तिला सांगितलं होतं, हवं तिथे हवी तेवढी पानं गाळ, मला आधी कळू देऊ नकोस. मुलीनं चार वेळा उड्या मारल्या, एकदा चक्क मागे. बाई चारही वेळा तिच्या शेजारी होत्या. पहिल्या रांगेत मार्गदर्शक मांडीवर नोटेशन उघडून, ओळीवर बोट ठेवून ऐकत होते, आणि दोनदा बोट कुठे ठेवावं हे त्यांनाच कळेना. या वेळी तिन्ही मतं एक झाली.

पदवी मिळाल्यावर दोन वर्षांनी ती स्वतः पहिल्यांदा एका समितीवर बसली. वाजवणारा मुलगा हुशार होता. त्यानं शेवटच्या रचनेत एक अख्खा भाग वगळला, आणि विचारल्यावर म्हणाला, मुद्दाम, तसंच छान वाटतं. बाकीचे दोघे चहा प्यायला बाहेर गेले. तिच्यापुढे मताची चिठ्ठी होती आणि तिला लिहवेना. तोवर सर निवृत्त झाले होते. तिनं बोळात येऊन त्यांना फोन लावला.

"सर, त्या दिवशी माझ्या विरोधात मत देताना तुम्हाला जड गेलं होतं का?"

"फार," ते म्हणाले.

"कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

तिनं फोन पर्समध्ये टाकला, आत गेली आणि आपलं विरोधातलं मत लिहिलं. मग त्या मुलाला स्वतःच सांगायला ती उठली.